आधी सिस्टर, मग साक्षीदार

तपासणीच्या खोलीत जमिनीवर एक स्वच्छ पांढरा कागद अंथरलेला असतो आणि त्याच्यावर दुसरा. अत्याचारातून नुकतीच सुटून आलेली व्यक्ती वरच्या कागदावर उभी राहते आणि अंगावरचे कपडे एकेक करून उतरवते. कपड्यांतून बरंच काही गळतं. गवताची काडी, मातीचे कण, दुसऱ्या कुणाचा एखादा केस, कुठल्याशा सतरंजीचा धागा. हे सगळं वरच्या कागदावर पडतं. मग तो कागद कडा आत घेऊन, वाण्याने पुडी बांधावी तसा घडी घालून पाकिटात जातो. खालच्या कागदाला काम एकच, रुग्णालयाच्या फरशीवरची धूळ वरच्या कागदाला लागू न देणं. ‘ही माती दवाखान्यातलीच नाही कशावरून?’ असं उद्या कोर्टात कुणी विचारलं, तर त्याचं उत्तर त्या फेकून द्यायच्या कागदाने आधीच देऊन ठेवलेलं असतं.

अमेरिकेत हे कागद बहुतेक वेळा एक नर्स अंथरते. ‘सेक्शुअल असॉल्ट नर्स एक्झॅमिनर’ हे तिच्या कामाचं नाव, पण रुग्णालयात आणि कोर्टात सगळे आद्याक्षरं जोडून तिला ‘सेन’ म्हणतात. जखमा पाहणं, औषधं देणं, पुरावे गोळा करणं, ते सीलबंद करणं, आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी न्यायाधीशांसमोर उभं राहून शपथेवर सांगणं, हे सगळं तिचं काम. या क्षेत्रात पुरुष नर्सही आहेत, आणि तपासणीला येणाऱ्यांत बायका असतात तशीच मुलं, पुरुष, तृतीयपंथी आणि म्हातारी माणसंही असतात.

रक्तदाब मोजणाऱ्या, सलाइन लावणाऱ्या परिचारिकेचं हे असं रूपांतर कसं होतं? त्यासाठी ती काय शिकते? त्या अभ्यासक्रमात शिरलं की एक गंमत ध्यानात येते. यातलं निम्मं शिक्षण नवं काही करायला शिकवतं, आणि उरलेलं निम्मं हात आणि जीभ आवरायला शिकवतं.

‘थांबा’ म्हणणारी रुग्णालयं

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या आकस्मिक विभागात बलात्काराची केस आली की ती रांगेत मागे पडायची. हृदयविकाराचा झटका, अपघात, भाजलेले रुग्ण हे सगळे आधी. चार-चार तास, कधी बारा-बारा तास वाट बघायची. तोवर पाणी प्यायचं नाही, लघवीला जायचं नाही, कारण पुरावा जाईल. शेवटी जो डॉक्टर मोकळा सापडेल तो यायचा. त्याला या तपासणीचं शिक्षण क्वचितच मिळालेलं असायचं. पुढे कोर्टात खेटे घालावे लागतील म्हणून तो नाखूषही असायचा.

नर्स हे रोज बघत होत्या. १९७२ च्या जुलैत मानसोपचार परिचारिका अ‍ॅन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बोस्टन सिटी हॉस्पिटलला सांगून ठेवलं की अशी केस आली की आम्हाला फोन करा, रात्र असो की पहाट. वर्षभर त्या फोन आला की धावत राहिल्या आणि १४६ जणांशी बोलल्या. १९७४ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. त्यातली एक नोंद आजही प्रत्येक सेनला शिकवली जाते. काही स्त्रिया रडत होत्या, थरथरत होत्या. पण जवळपास तितक्याच स्त्रिया शांत, आवरलेल्या, कधी चक्क हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या. धक्का बसलेलं माणूस कसं दिसतं याविषयी पोलीस, वकील आणि न्यायाधीश ज्या ठाम समजुती बाळगून होते, त्यांना या एका निरीक्षणाने तडा गेला.

त्याच १९७२ च्या मार्चमध्ये, बोस्टनपासून हजारो मैलांवर, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून महाराष्ट्र ते ओळखतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरलं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. निकालाचा एक आधार होता तिच्या अंगावर जखमा नव्हत्या हा. जखम नाही म्हणजे विरोध नाही, आणि विरोध नाही म्हणजे संमती, असा तो हिशेब. त्यावर देशभर उसळलेल्या संतापातून १९८३ मध्ये कायदा बदलला. बोस्टनमधल्या त्या दोघींचं निरीक्षण आणि देसाईगंजचा तो निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहिले की या शिक्षणाची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

शिकागोत मार्टी गोडार्ड नावाची बाई वेगळ्याच बाजूने याच प्रश्नाला भिडली होती. पोलिसांकडे येणारे नमुने इतके अस्ताव्यस्त असत की प्रयोगशाळेला त्यांचा उपयोग होत नसे. कधी चिठ्ठी नाही, कधी काचपट्ट्या उघड्या, कधी कापलेले कपडे एकाच पिशवीत कोंबलेले. तिने एका पुठ्ठ्याच्या खोक्याची कल्पना मांडली. त्यात स्वॅब, काचपट्ट्या, कंगवा, पाकिटं, चिठ्ठ्या आणि कुठल्या क्रमाने काय करायचं याच्या सूचना, सगळं आधीच भरलेलं. हे काम करायला निधी मिळाला तो प्लेबॉय फाउंडेशनकडून, आणि खोक्याला नाव मिळालं ते पोलीस प्रयोगशाळेतल्या लुई विटुलो या अधिकाऱ्याचं. १९७८ मध्ये शिकागो परिसरातल्या रुग्णालयांत ते वापरात आलं. गोडार्डचं नाव पुढे कित्येक वर्षं कुणाला आठवलंही नाही.

खोकं आलं, पण ते वापरणारे शिकलेले हात हवे होते. १९७६ मध्ये टेनेसीतल्या मेम्फिसला, १९७७ मध्ये मिनियापोलिसला आणि १९७९ मध्ये टेक्ससमधल्या अ‍ॅमरिलोला नर्सनी ही तपासणी स्वतःकडे घेणारे पहिले उपक्रम उभे राहिले. मिनियापोलिसच्या उपक्रमामागे लिंडा लेड्रे ही परिचारिका होती. १९९२ मध्ये तिच्याच शहरात अशा सत्तरेक नर्स एकत्र जमल्या आणि न्यायवैद्यक परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. व्हर्जिनिया लिंच तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९९५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने न्यायवैद्यक परिचर्या ही परिचर्येची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्य केली. वीसेक वर्षांत एका अडगळीच्या कामाची विद्याशाखा झाली.

पायरी पायरीने

या वाटेवरची पहिली पायरी अगदी साधी आहे. आधी पूर्ण नर्स व्हायचं. अमेरिकेत त्याचे दोन मुख्य रस्ते आहेत, साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी किंवा चार वर्षांची बी.एस्सी. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी शेवटी एकच दार येतं, ‘एनक्लेक्स’ ही परवाना परीक्षा. ही परीक्षा मोठी चतुर आहे. उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न अवघड देतो, चुकलं की सोपा, आणि उमेदवाराची पातळी पुरेशा खात्रीने कळली की परीक्षा तिथेच थांबते. कुणाची ८५ प्रश्नांत संपते, कुणाची १५० पर्यंत जाते. भारतातून बी.एस्सी. नर्सिंग करून तिकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलींनाही हेच दार ओलांडावं लागतं, आणि तोवर सेनचा विचारही करता येत नाही.

परवाना मिळाला की घाई करायची नाही, हा दुसरा नियम. आकस्मिक विभाग, प्रसूतिगृह, अतिदक्षता, कुठेही, पण निदान दोन वर्षं नर्स म्हणून काम करावं अशी अपेक्षा असते. त्यामागे कारण आहे. समोरची व्यक्ती शांत दिसत असताना तिच्या पोटात रक्तस्राव होतोय हे ओळखणारी नजर पुस्तकातून येत नाही. पुरावा गोळा करण्याच्या नादात रुग्ण दगावला तर त्या पुराव्याचं काय करायचं?

तिसरी पायरी म्हणजे खास प्रशिक्षण. प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांसाठी किमान ४० तासांचा वर्ग, लहान मुलांसाठी वेगळे ४० तास, दोन्ही एकत्र घेतले तर ६४ तास. लहान मुलांचा अभ्यास वेगळा ठेवण्याचं कारण नुसतं वय नाही. मुलांच्या शरीरातला निरोगी फरक आणि इजा यांत गल्लत होणं सोपं असतं आणि त्या गल्लतीची किंमत फार मोठी असते. शिवाय मुलांशी सविस्तर बोलण्याचं काम तिथे बहुधा वेगळी प्रशिक्षित व्यक्ती करते, म्हणजे त्या जिवाला तेच तेच पुन्हा सांगावं लागत नाही.

वर्ग संपला की हाताचा सराव. आतली तपासणी शिकवण्यासाठी काही ठिकाणी खास प्रशिक्षित स्त्रिया येतात. त्या स्वतःच्या शरीरावर तपासणी करू देतात आणि करता करता सांगतात, ‘आता दुखलं’, ‘हे हत्यार गार आहे, आधी कोमट करा’, ‘हात लावण्याआधी मला सांगितलं नाहीत’. रबराचा पुतळा यातलं काहीच बोलू शकत नाही. त्यानंतर अनुभवी सेनच्या हाताखाली प्रत्यक्ष केस, कोर्टात बसून खटले ऐकणं, प्रयोगशाळा आणि पोलीस ठाणं बघून येणं.

चौथी पायरी प्रमाणपत्राची. प्रौढ रुग्णांसाठीची राष्ट्रीय परीक्षा २००२ पासून होते, मुलांसाठीची काही वर्षांनी सुरू झाली. परीक्षेला बसायला नर्स म्हणून दोन वर्षं, पूर्ण केलेलं प्रशिक्षण, आणि मागच्या तीन वर्षांत या कामाचे किमान ३०० तास लागतात. पास झालं तरी प्रमाणपत्र तीनच वर्षं टिकतं, मग नूतनीकरण. हे प्रमाणपत्र सगळीकडे सक्तीचं नाही. प्रशिक्षण घेतलेल्या अनेक जणी त्याच्याविना काम करतात, आणि टेक्ससासारख्या राज्याने स्वतःची वेगळी प्रमाणपत्रं ठेवली आहेत. ज्यांना पुढे शिकायचंय, शिकवायचंय किंवा संशोधन करायचंय, त्यांच्यासाठी पिट्सबर्गचं ड्युकेन विद्यापीठ, टेक्सस ए अँड एम अशा ठिकाणी न्यायवैद्यक परिचर्येची पदव्युत्तर पदवी आहे.

हाताला लागणारं वळण

त्या ४० तासांत काय शिकवतात? सगळ्यांत पहिला धडा परवानगीचा. सुरुवातीला एक फॉर्म सही करून घेतला आणि सुटलो, असं नाही. केस विंचरण्याआधी विचारायचं, फोटोआधी विचारायचं, प्रत्येक स्वॅबआधी विचारायचं. समोरच्याने मध्येच ‘नको’ म्हटलं की तिथे थांबायचं, मग तो नमुना कितीही महत्त्वाचा असो. ज्या माणसाचा ‘नको’ काही तासांपूर्वी पायदळी तुडवला गेला, त्याचा ‘नको’ इथे पाळला जातो. कित्येक सेन सांगतात की बरं होण्याची सुरुवात तिथूनच होते.

मग येते सूक्ष्म कारागिरी. कातडीवर कुणी चावलं किंवा चाटलं असेल तर वाळलेली लाळ काढायला एक स्वॅब पुरत नाही. पहिला ओला करून फिरवायचा, तो चिकटलेल्या पेशी सैल करतो. लगेच त्याच जागेवर दुसरा कोरडा फिरवायचा, तो सुटलेला ओलावा पेशींसकट टिपून घेतो. नंतर दोन्ही हवेत पूर्ण वाळवायचे आणि कागदी पाकिटात ठेवायचे. प्लॅस्टिक इथे वर्ज्य. बंद प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, जंतू आणि बुरशी वाढते आणि डीएनए खराब होतो. लाखो रुपयांची यंत्रं असलेल्या प्रयोगशाळेचं यशापयश कागदी पाकिटावर अवलंबून असतं, ही या विद्येतली एक मौज.

फोटोंचाही क्रम ठरलेला. आधी दुरून, मग मध्यम अंतरावरून, मग जवळून. जवळचा फोटो दोनदा, एकदा शेजारी मोजपट्टी ठेवून आणि एकदा तशीच पट्टी काढून, म्हणजे पट्टीखाली काही झाकलं असा आरोप नको. कपडे एकेक वेगळ्या कागदी पिशवीत. कापावेच लागले तर फाटलेल्या जागेतून किंवा डागातून कात्री न्यायची नाही.

निळ्या रंगाची एक युक्ती तर थक्क करणारी आहे. टोल्युइडिन ब्लू नावाचा रंग पेशीच्या केंद्रकाला चिकटतो. बाह्य जननेंद्रियाजवळच्या कातडीच्या सगळ्यांत वरच्या थरातल्या पेशींना केंद्रक उरलेलं नसतं, म्हणून धड कातडीवरून हा रंग पुसून निघतो. पण जिथे बारीकशी चीर पडून खालचा थर उघडा झालाय, तिथल्या जिवंत पेशी रंग धरून ठेवतात. उघड्या डोळ्यांना न दिसणारी इजा निळ्या रेघेसारखी उमटते. आधी स्वॅब घ्यायचे, मगच रंग लावायचा, हा क्रम मात्र चुकवायचा नाही.

आणि हे सगळं चालू असताना नर्सचं मूळ काम कुठेही मागे पडत नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तातडीचं गर्भनिरोधक पाच दिवसांपर्यंत देता येतं, पण जितकं लवकर तितकं चांगलं. गळा आवळला होता का, हे आवर्जून विचारायचं. सॅन डिएगोत घरगुती हिंसेतल्या गळा आवळण्याच्या ३०० प्रकरणांचा अभ्यास झाला, त्यात निम्म्यांच्या गळ्यावर डोळ्यांना दिसेल अशी खूणच नव्हती. म्हणून सेन गळ्यापाशी थांबत नाही. आवाज बसलाय का, गिळताना दुखतंय का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके आहेत का, हे ती बघते. यातलं एखादं उत्तर जीव वाचवू शकतं.

जेवढं दिसलं तेवढंच

आता ते उरलेलं निम्मं शिक्षण. निळी रेघ उमटली, म्हणजे अत्याचार झाला? सेनला शिकवलेलं उत्तर आहे, ‘इथे कातडीला इजा आहे, एवढंच मी सांगू शकते’. तशी रेघ संमतीच्या संबंधानंतर, संसर्गाने, बाळंतपणानंतरही उमटू शकते. खास दिव्याखाली कातडीवर डाग चमकला, म्हणजे वीर्य? तो साबण असेल, क्रीम असेल. नमुना घ्यायचा, नाव प्रयोगशाळेला ठेवू द्यायचं. जांभळा वळ आहे की पिवळा, यावरून तो कधी पडला हे सांगायचा मोह फार होतो. पण वळाच्या रंगावरून दिवस सांगता येत नाही, म्हणून तो मोह आवरायचा.

याच्या उलट बाजूही तितकीच घट्ट शिकवतात. इजा दिसली नाही, म्हणजे काही झालं नाही असं नव्हे. भीतीने शरीर गोठतं, हात हलत नाहीत, आवाज फुटत नाही, आणि ऊतींनाही स्वतःची लवचीकता असते. मथुरेच्या खटल्यात ज्या रिकाम्या जागेतून ‘संमती’ वाचली गेली, त्या रिकाम्या जागेला रिकामीच ठेवायचं, हा सेनच्या अभ्यासाचा गाभा.

लिहितानाही तोच संयम. समोरची व्यक्ती जे सांगते ते तिच्याच शब्दांत, अवतरण चिन्हांत लिहायचं. ती गावठी शब्द वापरते, शिवी वापरते, तर शिवीच लिहायची, तिचं पुस्तकी भाषांतर नाही. ‘ती म्हणते’, ‘तिने सांगितलं’ एवढंच. ‘तिचा दावा आहे’ असं लिहिलं की शंकेचा वास येतो, आणि ‘तिच्यावर अत्याचार झाला’ असं लिहिलं की न्यायाधीशांची खुर्ची ओढून घेतल्यासारखं होतं. अमेरिकी पुरावा कायद्यात, उपचारासाठी वैद्यकीय व्यक्तीला सांगितलेली गोष्ट ऐकीव पुराव्याच्या बंदीतून वगळलेली आहे. म्हणून नर्सने उतरवून घेतलेलं ते एक वाक्य पुढे कोर्टात जसंच्या तसं वाचलं जाऊ शकतं.

शेवटी सील, सही, तारीख, वेळ. नमुन्यांचं ते खोकं, म्हणजे किट, कुणाच्या हातून कुणाच्या हातात कधी गेलं, याची साखळी एकाही कडीने तुटता कामा नये. सील होईपर्यंत सेन ते नजरेआड करत नाही.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

अभ्यासक्रमात लुटुपुटूचा खटलाही असतो. कुणी वकील होतं, कुणी न्यायाधीश, आणि शिकाऊ सेनला पिंजऱ्यात उभं करतात. उलटतपासणीत तिला चिडवतात, अडकवतात, तिच्या शिक्षणावरच बोट ठेवतात: ‘तुम्ही डॉक्टर नाही ना?’ चिडायचं नाही. ‘मी परिचारिका आहे, माझं प्रशिक्षण अमुक, मी इतक्या तपासण्या केल्या आहेत’, एवढंच सांगायचं. उत्तर माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणायचं, आणि ते वाक्य न लाजता म्हणता येणं हीही एक कसोटी.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांना खटकते. सेन कोर्टात पीडितेची बाजू घेत नाही. धीर देणारी, हक्क समजावून सांगणारी, सोबत बसणारी कार्यकर्ती वेगळी असते आणि शक्यतो तपासणीच्या वेळीच बोलावली जाते. सेनची निष्ठा तिने पाहिलेल्या गोष्टीशी. बचाव पक्षाला उपयोगी पडेल असंही काही दिसलं असेल, तर तेही तिने तितक्याच स्पष्टपणे सांगायचं असतं. तिच्या शब्दाला कोर्टात वजन येतं ते याच एका सवयीमुळे. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या रिबेका कॅम्पबेल यांच्या अभ्यासांत दिसलं की सेन उपक्रम सुरू झाल्यावर जास्त प्रकरणं फौजदारी प्रक्रियेच्या पुढच्या टप्प्यांपर्यंत पोचू लागली.

तरी ती साखळीतली एकच कडी आहे. २००९ मध्ये डेट्रॉइट पोलिसांच्या गोदामात ११,००० हून अधिक किट्स धूळ खात पडलेली सापडली. कुणीतरी रात्र जागून, विचारून, वाळवून, सील करून दिलेली ती पाकिटं. अमेरिकेत सेनही पुरेशा नाहीत. २०१६ मध्ये तिथल्या सरकारी लेखा संस्थेने सहा राज्यांत विचारणा केली, तेव्हा सहाही राज्यांतून उत्तर आलं की गरजेइतक्या नाहीत. रात्रीअपरात्री येणारे फोन, दुसऱ्याचं दुःख ऐकून स्वतःच्या झोपेत शिरणारी भीती, यामुळे शिकलेल्या नर्सही काही वर्षांत दमतात आणि सोडून जातात. यावर पेनसिल्व्हेनियात एक उपाय निघाला. खेड्यातल्या रुग्णालयात तपासणी करणाऱ्या नवख्या नर्सच्या जोडीला पडद्यावरून एक अनुभवी सेन असते, पायरी पायरीने सांगणारी आणि काही सुटलं तर टोकणारी.

इकडे, आपल्याकडे

महाराष्ट्रात या विषयाचा एक महत्त्वाचा धागा सेवाग्रामहून निघतो. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या न्यायवैद्यक विभागाच्या डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या वैद्यकीय तपासण्या किती अशास्त्रीय आणि अपमानकारक होतात याचा अहवाल तयार केला. त्याच्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली. मुंबईत ‘सेहत’ ही संस्था महापालिका रुग्णालयांबरोबर याच प्रश्नावर आधीपासून काम करत होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘दोन बोटांची चाचणी’ स्त्रीच्या प्रतिष्ठेवर घाला घालणारी ठरवली. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तरीही ती चाचणी काही ठिकाणी चालूच राहिली, आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

आपल्या कायद्यात ही तपासणी नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार पोलिसांना खबर मिळाल्यापासून २४ तासांत त्या स्त्रीला डॉक्टरकडे पाठवायचं, आणि डॉक्टरने सात दिवसांत अहवाल द्यायचा. म्हणजे अमेरिकेसारखी सेन आज इथे होता येत नाही. पण त्या खोलीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळ असते ती सिस्टरच. पाणी द्यायचं की थांबायचं, कपडे कुठल्या पिशवीत ठेवायचे, ओला स्वॅब तसाच बंद करायचा का, हे निर्णय तिच्या हातून होतात. २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात भारतीय परिचर्या परिषदेने न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे हा ओळखवजा विषय पाचव्या सत्रात घातला, हे पाऊल छोटं पण नेमकं आहे. पुढचं पाऊल म्हणजे त्या एका विषयाचं निदान मोठ्या रुग्णालयांपुरतं तरी पक्कं प्रशिक्षण व्हावं. डॉक्टरांची बदली होते, निवासी डॉक्टर शिकून निघून जातात. वॉर्डातली सिस्टर वर्षानुवर्षं तिथेच असते, आणि तिच्या हाताला हे वळण लागलं तर ते रुग्णालयात टिकतं. नर्सिंगला असलेल्या मुलींनी आणि मुलांनी हा विषय परीक्षेपुरता वाचून सोडू नये.

बाकीच्यांनी निदान एवढं ध्यानात ठेवावं. सरकारी असो की खाजगी, कुठल्याही रुग्णालयाला अत्याचारित व्यक्तीला प्राथमिक उपचार ताबडतोब आणि मोफत द्यावेच लागतात. ‘आधी एफआयआर आणा’ असं म्हणून परत पाठवता येत नाही, आणि उपचार नाकारणं हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तपासणीआधी अंघोळ टाळावी, कपडे बदललेच तर न धुता कागदी पिशवीत घालून सोबत न्यावेत. अंघोळ झाली असेल, एक-दोन दिवस गेले असतील, तरीही जावं. औषधांची वेळ बहुधा उलटलेली नसते आणि पुरावाही पुष्कळदा शिल्लक असतो. मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.